काहिलीला सांगायचं

हिंदुराव गुळव्या आणि आकाराम जळव्या हे सख्खे भाऊ चौदा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, आणि त्या चौदा वर्षांत कोपारवाडीच्या गुऱ्हाळात त्यांच्या हातून एकही आदण बिघडलं नाही. ज्याने गुऱ्हाळ पाहिलंय त्याला ही शुद्ध थाप वाटेल, कारण गुऱ्हाळ चालतं तेच मुळी बोलण्यावर. उसाचा रस आटतो ती भली थोरली लोखंडी काहील वर, आणि तिच्या पोटाखाली चुलवाण, म्हणजे भट्टी. एका वेळी आटणारा काहीलभर रस म्हणजे एक आदण. काहिलीपाशी उभा असतो गुळव्या. रसाचा रंग, फेस, वास बघून जाळ किती हवा ते तो ठरवतो, पण जाळ त्याला दिसत नाही. चुलवाणाचं तोंड मागच्या अंगाला, दहा पायऱ्या खाली. तिथे बसून वाळलेली चिपाडं आत सारणाऱ्या जळव्याला जाळ दिसतो, पण रस दिसत नाही. वरच्याने सांगायचं, खालच्याने ऐकायचं. एका वाक्याचा उशीर झाला तरी तीन तासांची मेहनत करपून जाते.

मग अबोला धरलेल्या भावांनी काय करावं? हिंदुराव काहिलीशी बोलायला लागले. "बाई गं, लई अंगात आलंय तुज्या," असं ते काहिलीला म्हणायचे, आणि खाली आकाराम जाळ कमी करायचे. लगेच नाही. मनात तीन आकडे मोजून. भावाने सांगितलं म्हणून नव्हे, आपल्या मनाने केलं असं दिसायला हवं ना! आणि वरचा चुकतोय असं वाटलं, तरी आकाराम तोंड उघडायचे नाहीत. हातातली सळई चुलवाणाच्या लोखंडी दारावर दोनदा आपटायचे. टण, टण. की वर हिंदुराव काहिलीला म्हणायचे, "बरं बाई, तुजं खरं."

गेल्या वैशाखात आकाराम वारले. हृदय थकलं होतं. शेवटच्या दिवशी हिंदुराव उंबऱ्याशी येऊन उभे राहिले आणि आकारामांच्या मुलीला म्हणाले, "संयू, इचार त्येला, पानी पायजे का." आकाराम खाटेवरून छताकडे बघत म्हणाले, "सांग, नगं म्हनावं." दोघांत अंतर होतं चार हातांचं. संयोगिताने निरोप पोचवला. तो त्यांच्यातला शेवटचा.

असे निरोप ती बारा वर्षांची असल्यापासून पोचवत आली होती, आणि जसेच्या तसे कधीच नाहीत. "इचार तुज्या बापाला, डोस्कं ठिकाणावर हाय का," असं मोठे आबा, म्हणजे हिंदुराव, म्हणाले, की ती शेजारच्या दारात जाऊन सांगायची, "अण्णा, आबा विचारतात, बरं वाटत नाही का?" अण्णा म्हणायचे, "सांग, मेलो न्हाई अजून." ती परत येऊन सांगायची, "बरं आहे म्हणाले." कुणाला काय सोसेल हे तिला शब्द तोंडातून निघायच्या आधी कळायचं. घरातली माणसं म्हणायची, पोरगी गुणाची आहे. गुणाची कसली, जीव मुठीत धरून वावरायची ती.

अबोल्याचं कारण घरात कुणी उच्चारत नसे. संयोगिताला ते पाठ होतं, कारण त्यात तिचाही हात होता. त्या दुपारी आजीचं शेवटचं चाललं होतं. "आक्याला बलवा," एवढंच आजी पुन्हा पुन्हा म्हणत होती. बारा वर्षांची संयू धावत गुऱ्हाळावर गेली. काहील अगदी भरात होती, आदण उतरायला वीसेक मिनिटं राहिली होती. तिने वर आबांना सांगितलं. ते म्हणाले, "तू हो फुडं. मी आनतो त्येला." पायऱ्या उतरून अण्णांनाही सांगावं असं तिच्या मनात आलं होतं, पण मोठं माणूस आणतो म्हणालं, म्हणून ती माघारी पळाली. आबांनी खाली फक्त एवढं सांगितलं, "आक्या, जाळ सांभाळ. आदान झ्याक उतरंल बग." आदण उतरलं, रस निवायला वाफ्यात ओतला, आणि मग त्यांनी भावाला निरोप दिला. दोघं घरी पोचले तेव्हा आजीला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

हिंदुराव त्या दिवशी एक अक्षर खोटं बोलले नव्हते. ऐकणाऱ्याला काय कळू द्यायचं नाही ते ठरवून त्यांनी शब्द निवडले होते, इतकंच. आकारामांना हेच कधी गिळता आलं नाही.

संयोगिता पुढे भाषाशास्त्र शिकली आणि पुण्याला एका कंपनीत लागली, यात नवल नाही. कंपनी बोलण्यावर चालणारी यंत्रं बनवायची. तोवर अशी यंत्रं शेतापासून स्वयंपाकघरापर्यंत सगळीकडे पोचली होती, पण त्यांची एक खोड होती. यंत्राशी माणसाला यंत्रासारखं बोलावं लागायचं. तोडून, मोजून, ठरलेल्या शब्दांत. ही खोड घालवायला कंपनीने 'कानोसा' नावाचा डबा काढला.

त्यामागचं शास्त्र तसं साधं आहे. माणूस बोलताना ऐकणाऱ्याच्या मापाने शब्द कापतो. पाहुण्याला आपण सांगतो, "मारुतीच्या देवळामागे निळ्या फाटकाचं घर आहे ना, ते." घरच्याला म्हणतो, "निळं." दोन अनोळखी माणसांच्या मध्ये पडदा धरून एकाला चित्रविचित्र आकृत्यांचं वर्णन दुसऱ्याला करायला लावलं, तर पहिल्या खेपेला तो म्हणतो, "हात वर करून एका पायावर उभी राहिलेली बाई." पाचव्या-सहाव्या खेपेला नुसतं "बाई" पुरतं. गंमत अशी, की पलीकडून "हां", "कळलं" असा काही प्रतिसाद येत असेल तरच वाक्य असं आखडत जातं. भिंतीशी बोलणाऱ्याचं वाक्य लांबच्या लांब राहतं.

याचा अर्थ असा, की नुसतं बोलणं ऐकूनही ऐकणारा कोण आहे ते ओळखता येतं. त्याला काय ठाऊक आहे, काय नाही, ओळख किती जुनी, हे सगळं बोलणाऱ्याच्या शब्दांत उमटलेलं असतं. कानोसा ते वाचायचा, त्यातून ऐकणाऱ्याची एक आकृती बांधायचा आणि स्वतः तसा व्हायचा. बोलणाऱ्याच्या मनात जो श्रोता आहे, तोच श्रोता यंत्र बनणार. एका डब्यात एकच श्रोता मावे. बोलण्याची रीत बदलली की डबा जुनी आकृती पुसून नवी घडवी, आणि कुणाच्या मनातला माणूस चोरीला जाऊ नये म्हणून आकृतीची नक्कल काढायची सोय मुद्दामच ठेवलेली नव्हती.

गुऱ्हाळाला डब्याची गरज पडली ती अशी. आकारामांच्या जागी दसऱ्यानंतर दोन जळवे ठेवून पाहिले. दोघेही आठवड्याच्या आत पळाले. दुसरा जाताना गुऱ्हाळावरच्या दिनकरला म्हणाला, "म्हातारा काहिलीशी बोलतोय का माज्याशी, त्येच कळंना. वर म्हंतोय मास्तर आलं. कुठला मास्तर?"

कुठला मास्तर, ते फक्त दोघांना ठाऊक होतं. लहानपणी त्यांना शिकवणारे एक मास्तर बोलताना थुंकी उडवायचे. रस तडतडून बाहेर शिंतोडे उडायला लागला, की "मास्तर आलं". वर चढलेला फेस एकदम खाली बसला, की "म्हशी बसल्या", कारण दोघं भाऊ म्हशी घेऊन कुंभी नदीच्या डोहावर जायचे तेव्हा म्हशी अशाच फतकल मारून पाण्यात बसायच्या. पन्नास वर्षांत त्याचंही नुसतं "बसल्या" झालं होतं. हे नव्या माणसाला कोण आणि कधी शिकवणार?

संयोगिताने कार्तिकात डबा आणून काहिलीशेजारच्या खांबावर बसवला. खाली चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडं सोडणारा पट्टा, लोखंडी झडप आणि डब्याचा दुसरा कान. हिंदुरावांनी डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"आबा, याच्याशी हवं तसं बोला. शिकेल तो."

"मी त्याच्याशी कशाला बोलू? मी माज्या काहिलीशी बोलनार."

"मग काहिलीशी बोला. चालेल."

आणि चाललं. दहा-बारा दिवसांत जाळ असा हुकमी झाला, की दिनकर कपाळाला हात लावून म्हणाला, "लोखंडाला अक्कल आली म्हनायची!"

डब्याच्या कामाचा आढावा घेताना संयोगिताच्या हातातल्या पडद्यावर एक पट्टी यायची. श्रोता-पट्टी म्हणत तिला. पहिल्यांदा ती वाचली तेव्हा ती उसाच्या मोळीवर बसली होती, आणि बसलेली होती हे बरं झालं.

ओळख, पन्नास वर्षांहून जुनी. थेट संबोधन, नाही. इथवर ठीक होतं. सवयीने माणूस बोलतो तसा बोलतो. पण खाली 'श्रोत्याला माहीत नाही' या रकान्यात डब्याने लिहिलं होतं, पांदीचा नवा पूल. विहिरीवरची नवी मोटर. दिनकरच्या मुलीचं लग्न. हिंदुराव या गोष्टी काहिलीला सविस्तर सांगत होते. "बाई गं, पांदीला आता पूल झालाय, गाड्या पलीकडनं वळून येत्यात, तवा ऊस उशिरा यील." बाकीचं सगळं अर्ध्या शब्दात आटपणारा माणूस एवढ्याच गोष्टी पायरीपायरीने समजावत होता. संयोगिताने महिने मोजले. रकान्यातली एकूण एक गोष्ट वैशाखानंतरची, अण्णा गेल्यानंतरची होती.

आणि रकान्याच्या अगदी वर, पहिल्या दिवसापासून, एकच शब्द होता. आई.

बोलणारा एखाद्या विषयाच्या जवळ येऊन दर वेळी वळसा घालून गेला, तर डबा तोही टिपायचा. ऐकणाऱ्याला कळू नये म्हणून घातलेला वळसा. संयोगिताने कान दिला. घरी जेवताना आबा बिनदिक्कत म्हणायचे, "आईच्या खोलीतला कंदील आन." गुऱ्हाळात तेच म्हणायचे, "परड्याकडच्या खोलीतला." काहिलीपाशी चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नव्हता. अण्णांना तर आजी गेल्याचं त्याच दुपारी कळलं होतं. पण आबांच्या शब्दांतले अण्णा अजून त्या दुपारीच, चुलवाणाशी, जाळ सांभाळत बसले होते. त्यांना कुणी निरोप दिलेला नव्हता.

संयोगिताच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्याचबरोबर तिला रडूही आलं.

मार्गशीर्षात झडप थांबायला लागली. आबा काहिलीला काही सांगायचे, आणि झडप हलायच्या आधी मध्ये तीन आकडे मोजण्याइतका वेळ जायचा. यंत्रात बिघाड असेल म्हणून संयोगिताने सगळं तपासलं. बिघाड नव्हता. आबा सांगून झाल्यावर तेवढा वेळ श्वास धरायचे, आणि डब्याने ओळखलं होतं की या श्रोत्याकडून तेवढा उशीर अपेक्षित आहे. मग एके दुपारी आबा म्हणाले, "बाई, आता वाढवावा का गं?" आणि जरासे थांबले. खाली झडप स्वतःच्या चौकटीवर दोनदा आपटली. टण, टण.

गुऱ्हाळातली माणसं जागच्या जागी थबकली. आबा मात्र रसावरची मळी काढायचं थांबलेसुद्धा नाहीत. "बरं बाई, तुजं खरं," ते म्हणाले.

दिनकर संयोगिताजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, जळव्या ग्येला, पर जाळाची खोड ग्येली न्हाई."

तिने त्यालाही आणि स्वतःलाही समजावलं. आबांच्या बोलण्यात अण्णांच्या उत्तराएवढी जागा रिकामी असते. बाटलीत पाणी ओतलं की पाणी बाटलीचा आकार घेतं, तसा डबा त्या रिकाम्या जागेचा आकार घेतो. सगळं समजत होतं, आणि काटा काही जात नव्हता. शिवाय एक हिशोब जुळत नव्हता. पुलाचं लांबलचक वाक्य आखडत चाललं होतं. "पुलावरनं फिरून येनारा ऊस", मग "पुलावरचा", आणि पौष लागता लागता नुसता "पुलाचा". भिंतीशी बोलणाऱ्याचं वाक्य असं आखडत नाही. खालून कुणीतरी "कळलं" म्हणत होतं.

एकदा तर आबांना जाग्यावरच धडकी भरावी असं झालं. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. फेस त्या बाजूने काठाशी आलेला त्यांना दिसला नाही, आणि ते वाकून झारा घालणार, तोच झडप वाजली. आबा काही बोललेले नव्हते, थांबलेले नव्हते. तरी वाजली. ते दचकून मागे सरले आणि उकळता रस नेमका त्यांचा हात होता तिथे उतू गेला. संयोगिताने नंतर नोंदी काढल्या. डबा त्यांचा श्वासही ऐकत होता, हे खरं. वाकताना श्वास बदलतो, हेही खरं. तिने नोंदवहीत तसं लिहिलं आणि वही मिटून ठेवली.

त्यानंतर तिने पुण्याला कळवून मुक्काम वाढवला. रोज दुपारी ती त्या दहा पायऱ्या उतरून अण्णा बसायचे त्या दगडावर जाऊन बसे. वरून आबांचा आवाज येई, मध्ये तीन आकड्यांची शांतता, मग झडपेची हालचाल. अण्णा गेल्यापासून तिला पहिल्यांदाच घरी आल्यासारखं वाटत होतं. आपण एका डब्यापाशी बसतोय हे तिला ठाऊक होतं. तरी कुणी विचारलं असतं तर ती खरं बोलली असती, की मला हे संपायला नको आहे.

फाल्गुनात हंगामाचं शेवटचं आदण लागलं. डोळ्यांमुळे हिंदुराव पुढच्या वर्षी काहिलीपाशी उभे राहणार नव्हते. सकाळी रस काहिलीत पडला, पहिली मळी निघाली, आणि आबा झारा खाली ठेवून संयोगिताकडे आले. खांबावरच्या डब्याकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"संयू, खरं सांग. खाली कोन हाय?"

"कुणी नाही आबा. यंत्र आहे. तुमच्या बोलण्यात अण्णा आहेत, ते तेवढे त्यात उतरलेत."

"म्हंजे त्येला ऐकू जातंय."

"तुम्ही बोलता ते सगळं जातं."

आबांनी एकदा पायऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मला त्येच्याशी बोलायचंय. काहिलीशी न्हवं. त्येच्याशी."

आबा सरळ बोलले, की रीत बदलणार. चौदा वर्षांच्या अबोल्यातून घडलेली आकृती डबा पुसून टाकणार, आणि तिची नक्कल जगात कुठेही नव्हती. संयोगिताच्या तोंडून शब्द निघाले ते तिच्या जुन्या सवयीचे, नीट कापलेले. "आबा, थेट बोललेलं यंत्राला समजत नाही. काहिलीलाच सांगा ना, पोचेल."

हिंदुरावांनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "शब्द येचून बोलायलीस, पोरी," ते म्हणाले. "मला वळकू येतंय. म्याबी एकदा असंच बोललोय."

तिला कुणी थोबाडीत दिली असती तरी एवढं लागलं नसतं. ती मोळीवर बसली आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. "सरळ बोललात तर ते जातील. अबोला आहे तोवरच ते तिथे आहेत. तुम्ही नाव घेतलं की डब्याला वाटणार, हा कुणी दुसराच आहे. आणि मग झडप बंद पडणार, जाळ विझणार. पुन्हा आणता येणार नाहीत. मला... मला नकोय आबा ते. मी रोज खाली जाऊन बसते."

"ठावं हाय."

"एक गोष्ट अजून आहे. तुमच्या शब्दांतल्या अण्णांना आजीचं माहीत नाही. ते अजून त्याच दिवशी बसलेत."

हिंदुराव झारा उचलून वळले. काहिलीकडे गेले आणि कामाला लागले. मास्तर आलं, जाळ उतरला. म्हशी बसल्या, जाळ चढला. मध्ये प्रत्येक वेळी तीन आकडे. संयोगिता पायऱ्यांच्या वरच्या टोकाला पडदा हातात धरून बसली होती. आता ते बोलणार नाहीत असं तिला वाटायला लागलं, आणि त्या सुटकेची तिला लाजही वाटली.

दुपारी काहील रंगात आली. रस मधासारखा झाला, वास चहूकडे भरला. आबांनी थेंब पाण्यात टाकून बोटांनी गोळी केली. अजून थोडी मऊ होती. वीसेक मिनिटांचं काम राहिलं होतं. दिनकर आणि इतर माणसं फावडी घेऊन वाफ्याशी तयार उभी होती. अशा वेळी गुळव्या काहिलीपासून पाऊलभरही हलत नाही. हललाच, तर आदण गेलं म्हणून समजावं.

हिंदुरावांनी झारा काहिलीच्या काठावर ठेवला आणि ते चालू लागले.

"आबा, कुठं?" दिनकर ओरडला. "आदान!"

ते संयोगिताच्या बाजूने पायऱ्या उतरायला लागले. चौदा वर्षांत त्यांनी त्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. एका डोळ्याने नीट दिसत नव्हतं, म्हणून हात भिंतीला धरून, एकेक पायरी चाचपत ते उतरले. त्यांना थांबवायला तिला एक हाक पुरली असती. तिने ती मारली नाही. बारा वर्षांची असताना याच पायऱ्या न उतरता ती माघारी पळाली होती. आज ती त्यांच्या मागोमाग उतरली.

चुलवाणाच्या तोंडाशी हिंदुराव उभे राहिले. जाळाचा उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीवर पडला होता. वरून दिनकरच्या हाका येत होत्या. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"आक्या," ते म्हणाले. "आई चाललीया रं. तुजं नाव घ्याय लागलीया. संयू सांगाय आली हुती. जाळ ऱ्हाऊ दे. आदान जळू दे. तू जा घरला, पळ."

तीन आकडे मोजायला वेळच मिळाला नाही. झडप त्याच क्षणी बंद झाली. पट्टा थांबला. चुलवाणातलं शेवटचं चिपाड चटचट जळून राख झालं, आणि जाळ असा खाली बसला की कोपारवाडीच्या त्या गुऱ्हाळात हंगामात पहिल्यांदाच पाखरांचा आवाज ऐकू आला.

संयोगिताने पडद्याकडे पाहिलं. पट्टी कोरी झालेली असणार अशी तिची खात्री होती. ती कोरी नव्हती. ओळख तीच होती. पन्नास वर्षांहून जुनी. 'थेट संबोधन' पुढे 'होय' आलं होतं. आणि 'श्रोत्याला माहीत नाही' हा रकाना रिकामा होता. पुलाचं, मोटरीचं, लग्नाचं सगळं गेलं होतं, आणि वरचा तो एक शब्दही गेला होता. श्रोता अजून तिथेच होता, आणि त्याला माहीत नसलेलं काही उरलं नव्हतं. ती बघत असतानाच पट्टी विझली. पुन्हा लावली तेव्हा तिच्यावर लिहिलं होतं, श्रोता नाही.

वरून करपल्याचा वास येऊ लागला. आदण गेलं होतं. हिंदुराव दगडावर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले, आणि संयोगिताने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं होतं की आपल्याला सगळं गमावल्यासारखं वाटेल. वाटलंही. पण त्याखाली, फार जुनं काहीतरी सैल झाल्यासारखंही वाटत होतं.

बऱ्याच वेळाने आबा नाक पुसत म्हणाले, "पोचला असंल का गं?"

घर पंधरा मिनिटांच्या वाटेवर होतं. तिने घड्याळात पाहिलं. अठरा मिनिटं झाली होती.

"पोचले असतील," ती म्हणाली, आणि या वेळी तिने शब्द निवडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी कंपनीसाठी अहवाल भरायचा होता. डबा परत पाठवताना त्यात एक रकाना असायचा, झडप अचानक बंद होण्याचं कारण. संयोगिताने आधी लिहिलं, संबोधनाची रीत बदलल्याने श्रोत्याची आकृती जुळली नाही. पुण्यातल्या माणसांना ते लगेच पटलं असतं. पण नियमाप्रमाणे, आकृती जुळली नाही तर झडपेने अर्ध्या मिनिटात हळूहळू मिटायचं होतं, आणि ती तशी मिटली नव्हती. तिने ते वाक्य खोडलं. वाचणाऱ्याला काय समजेल आणि काय सोसेल याचा विचार न करता, आयुष्यात पहिल्यांदाच, जसं होतं तसं तिने लिहिलं.

जळव्याला घरून निरोप आला होता.